चार नंबरचा कप

आत्याने आल्या आल्या सामान रिसेप्शनवर टाकलं आणि ती लिफ्टकडे ढुंकूनही न बघता सरळ बारकडे वळली. दादा काउंटरमागून लगबगीने बाहेर आला.

"अगं आत्या, आधी वर जा, तोंड धू, काहीतरी खाऊन घे. बैठक चारला आहे."

"बैठक चारला असेल. मी आत्ता आलेय," आत्या म्हणाली. "ज्याच्यावरून एवढं रामायण चाललंय ते बघू तरी दे."

दादा थांबला. थोरल्या भाच्याचा हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पाहुण्याने खोली बदलून मागितली आणि दुसरी खोली रिकामी नसली की तो असाच हसायचा, अर्ध्या ओठांनी. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला त्या काउंटरमागे उभं केलं होतं, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी तो तिथेच उभा होता.

गेला आठवडाभर आत्याचा फोन तापलेला होता. हॉटेलच्या कागदावर पाच मतं: अण्णांचं, त्यांच्या तीन मुलांचं आणि पाचवं आत्याचं. आईवडिलांचं घर विकलं तेव्हा आत्याने आपला वाटा भावाच्या हॉटेलात घातला होता. सही घेताना अण्णा म्हणाले होते, "तू निर्धास्त राहा, मी बघतो." आणि खरोखरच तेव्हापासून त्यांनी एकट्यानेच बघितलं. लिफ्ट बसवली, दोन मजले चढवले, बाग काढून मोटारींना जागा केली. आत्याला प्रत्येक गोष्ट झाल्यावर कळली. तिचं मत कधी लागलंच नाही. ते आज लागत होतं, कारण बाकीची चार मतं दोन-दोन अशी फुटली होती.

एका दारू कंपनीने दादाला करार देऊ केला होता. बारचं सगळं नूतनीकरण कंपनी करणार, टेबलं-खुर्च्या त्यांच्या, दिवे त्यांचे, बाहेरची पाटीही त्यांची. बदल्यात पाच वर्षं बारमध्ये स्कॉच म्हणून मिळेल ती फक्त त्यांचीच. दादा तयार होता. अण्णा दादाच्या बाजूने होते, कारण थोरल्याचा शब्द नोकरांसमोर खाली पडू नये हे त्यांचं जुनं तत्त्व. विरोधात होती शेंडेफळ, जिला सगळं घर शेंडीच म्हणायचं. बार तिचा होता. आणि तिच्या बाजूने होता मधला, दातांचा डॉक्टर. म्हणजे निदान फोनवर तरी तसं म्हणाला होता. "आत्या, मी शेंडीच्या बाजूने आहे, पण दादाला इतक्यात बोलू नकोस." दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याची सवय लहानपणापासूनची.

दादा फोनवर पाऊण तास बोलला होता. अण्णा दोन मिनिटं. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, 'तुम्हाला कोणती खोली आवडेल' एवढं विचारायला फोन केला आणि मग दुसरंच काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा ठेवला. शेंडीने मात्र एकदाही केला नाही. आत्याला याचा रागही आला होता आणि बरंही वाटलं होतं.

बार म्हणजे जिन्याखालची लांबोडकी खोली. पूर्वी तिथे पाहुण्यांच्या ट्रंका ठेवत. आता एका भिंतीला शेल्फ, त्यावर बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात शेंडीच्या अक्षरातली चिठ्ठी. मधोमध एक जुनं लांब टेबल, सहा स्टुलं आणि बाजूच्या गल्लीत उघडणारी खिडकी. गल्लीत बेकरीचा टेम्पो माल उतरवत होता. शेंडी खिडकीपाशी उभी राहून ग्लास पुसत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "मी फोन केला नाही म्हणून चिडली असशील."

"चिडलेच आहे. सगळ्यांनी लाडीगोडी लावली, तुलाच काय झालं होतं?"

"मी काय सांगणार होते? तू चाळीस वर्षं चहाच्या कंपनीत चहा चाखलास. चवीची गोष्ट चाखल्याशिवाय कळत नाही हे मी तुला फोनवर शिकवायचं?"

आत्या स्टुलावर बसली. मुलगी हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच माहीत होतं. स्कॉटलंडच्या एका खोऱ्यात दोन वर्षं पिंपांच्या गोदामात काम करून आली होती. तेव्हापासून घरात कोणी ग्लासात बर्फ टाकला की हिच्या कपाळावर आठी. दादा म्हणायचा, ही नाकाने कांदे सोलते.

"करार झाला तर काय करशील?"

"दुसऱ्या गावात एका मोठ्या हॉटेलात मला जागा देतायत. जाईन." शेंडीने ग्लास उजेडात धरला. "हे धमकी म्हणून सांगत नाहीये. मत देताना तुला माहीत असावं म्हणून सांगतेय."

चारला सगळे जमले. अण्णा टेबलाच्या टोकाला बसले, दादा त्यांच्या उजव्या हाताला. डॉक्टर आला तो दवाखान्यातून तडक आला असावा, हाताला अजून साबणाचा वास होता. त्याने दोन्ही बाजूंच्या बरोबर मधलं स्टूल निवडलं. वहिनी दारात उभी राहिली, कारण तिला मत नव्हतं.

"फार वेळ नको," दादा म्हणाला. "कंपनीचा माणूस आज उत्तराची वाट बघतोय. आत्या, मी तुला सगळं सांगितलंच आहे. बारमध्ये येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ग्लासात काय आहे ते कळत नाही. बर्फ टाकला, सोडा टाकला, की सगळ्या दारू सारख्या. मग आपण चोवीस बाटल्यांचं संग्रहालय कशाला चालवायचं?"

"सारख्या?" शेंडी उसळली. "दादा, तू कधी एक तरी नीट..."

"मी मॅनेजर आहे. मला चव नसते, मला बिलं असतात."

"झालं सुरू," अण्णा म्हणाले. "चहावाले, तू हात वर कर बरं कुठल्या तरी बाजूला, म्हणजे हे मिटेल."

आत्याने हात वर केला नाही. तिने पिशवीतून आपला चमचा काढला, चांगला खोलगट, चांदीचा, निवृत्त होताना चहाच्या कंपनीने दिलेला, आणि टेबलावर ठेवला.

"दादा म्हणतो सगळ्या सारख्या. शेंडी म्हणते जमीन-अस्मानाचा फरक. दोघांपैकी एकाचं तरी खोटं असणार. माझ्या धंद्यात असल्या भांडणाला एकच उपाय होता. ओळीत कप मांडायचे, नावं झाकायची आणि तोंड उघडायचं. बोलायला नव्हे, चाखायला."

"आत्ता? भर दुपारी?" डॉक्टर म्हणाला. "मला सहाला पेशंट आहे."

"थुंकायचं असतं, बाळा. तुझ्या पेशंटना सांगतोस ना, चूळ भरून थुंका म्हणून? तसंच."

तिने सगळ्यांना बाहेर काढलं. वहिनीला स्वयंपाकघरातून कॉफीचे तपकिरी कप मागितले, म्हणजे आतला रंग दिसणार नाही. रंग दिसला की जीभ डोळ्यांचं ऐकते. प्रत्येकासाठी सहा कप भरले, त्यांवर बशा झाकल्या आणि अर्धी व्हिस्की तर अर्धं पाणी असा हिशोब ठेवला. कोणत्या नंबरात काय हे तिने कुठे लिहिलं नाही. आयुष्यभर दिवसाला शेकड्यांनी कप चाखणाऱ्या बाईला सहा लक्षात ठेवणं म्हणजे हातचा मळ.

"इतकं पाणी?" परत आल्यावर दादा म्हणाला. "मग चहाच दिला असतास."

"कडक दारूने नाक बधिर होतं. पाण्याने वास मोकळा होतो. विचार तुझ्या बहिणीला."

"बरोबर आहे," शेंडी नाइलाजाने म्हणाली. बर्फावर एवढी व्याख्यानं देणाऱ्या बाईला अर्धं पाणी कबूल करावं लागलं याची दादाला केवढी मजा वाटली!

आत्याने बर्फाची बादली टेबलाच्या मधोमध ठेवली. पहिला कप उचलला, बशी सरकवली, तोंड किंचित उघडं ठेवून हलकेच वास घेतला. मग चमचाभर उचलून असा काही भुरका मारला की बाहेरून जाणारी एक पाहुणीबाई थबकून दारात डोकावली. क्षणभर जीभ फिरली, आणि सरळ पिचकारी बादलीत.

"अरे देवा," अण्णा म्हणाले. "माझ्या हॉटेलात!"

"मग काय, सहा पेग पिऊन मतदान करू? चला. आधी सगळ्यांनी सगळे चाखायचे. कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. वहिनी, तूही ये. तुझ्यासाठीपण मांडलेत."

"मला मत नाही, आत्या."

"जीभ आहे ना? मग बस."

खोलीत भुरक्यांचा आणि थुंकण्याचा आवाज भरला. अण्णा एकदाही थुंकले नाहीत. ते म्हणाले, अन्नाचा अपमान होतो. डॉक्टर प्रत्येक कपानंतर पाण्याची चूळ भरत होता, सवयीने. शेंडी डोळे मिटून, खांदे सैल सोडून चाखत होती. तिची पद्धत निर्दोष आहे हे आत्याला दुसऱ्याच कपाला कळलं. दादा मात्र औषध घेतल्यासारखा एकेक घोट घेत पुढे सरकला, आणि चौथ्या कपाशी जरा अडखळला. आत्याने ते पाहिलं.

"आता बोला," ती म्हणाली. "अण्णा, तू आधी."

"दारूसारखी लागते. सहाही."

"डॉक्टर?"

"पहिली गोड. मधासारखी. चौथीला माझ्या दवाखान्याचा वास येतो, लवंगेच्या तेलाचा. एवढंच कळलं. वाईट म्हणत नाही, पण घरी आल्यावर पुन्हा दवाखाना कशाला?"

वहिनीने सांगितलं, दुसऱ्यात मनुका आहेत, पाचव्यात किंचित मीठ. ती हे इतक्या सहज म्हणाली की दादाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"शेंडी?"

शेंडीने कप आपल्यासमोर नीट सरळ रेषेत लावले. "पहिली, पिंपात नीट मुरलेली, मधाळ, डोंगराळ भागातली. चौथी बेटावरची, मोड आलेलं धान्य धुरावर वाळवून केलेली. पाचवी किनाऱ्यावरची, वहिनी म्हणाली ते मीठ बरोबर आहे. आणि दुसरी आणि सहावी..." ती थांबली, पुन्हा दोन्ही हुंगल्या, आणि हसली. "दुसरी आणि सहावी एकच आहे. आत्या, तू आम्हाला शेंडी लावतेयस!"

"शेंडीला शेंडी!" अण्णा खो खो हसले. आत्याच्या छातीत अभिमान दाटून आला. एकच चहा ओळीत दोनदा ठेवून चाखणाऱ्याची परीक्षा घ्यायची, ही तिच्या धंद्यातली जुनी खोडी होती. निम्मे लोक त्यात आपटायचे.

"आणि तिसरी?" तिने विचारलं.

"तिसरी तर माझी." शेंडीचा आवाज मऊ झाला. "मी काम करायचे त्याच खोऱ्यातली. शेरी वाइनच्या जुन्या पिंपातली, शेल्फवर वरच्या ओळीत आहे ती. हिला मी झोपेतसुद्धा ओळखेन. बघ दादा, ही जी सगळीकडून गोल आहे ना, कुठेही टोचत नाही, यासाठी मी भांडतेय."

आत्याचा हात क्षणभर बाटल्यांवरच थांबला. हे असं होईल असं तिला वाटलं नव्हतं. पण कप मांडले की जे निघेल ते निघेल. तिथे भाची-बिची काही नसतं. तिने एकेक बाटली आपापल्या नंबरासमोर ठेवायला सुरुवात केली. पहिली बरोबर. दुसरी आणि सहावी यांच्या मध्ये एकच बाटली, तीच ती शेरीच्या पिंपातली. चौथी बरोबर, पाचवी बरोबर. आणि तिसऱ्या कपासमोर तिने कंपनीची बाटली ठेवली. साधी ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्कींचं मिश्रण, करारातली.

बाहेर बेकरीच्या टेम्पोचं दार बंद झालं.

"म्हणजे," डॉक्टर सावकाश म्हणाला, "जी हिला सगळ्यात आवडली ती दादाच्या कंपनीची."

शेंडीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती त्या बाटलीकडे बघत राहिली.

"मग प्रश्नच मिटला की," डॉक्टर म्हणाला. स्टूल अगदी थोडंसं, पण दादाच्या बाजूला सरकलं. "शेंडे, मी तुझ्या बाजूने होतो, सगळ्यांना माहीत आहे. पण तूच जर यांची दारू तुझी समजून डोक्यावर घेतलीस, तर मी कुठल्या तोंडाने भांडू?"

"ज्या तोंडाने आत्तापर्यंत भांडत होतात त्याच," वहिनी म्हणाली. "वारा फिरला म्हणा ना, भाऊजी."

"अगं वहिनी, पण..."

"तीन मतं झाली," अण्णांनी टेबलावर हात आपटला. "बहुमत झालं. आता चहावालीला त्रास द्यायची गरजच नाही."

अण्णा ते साधेपणाने म्हणाले, हे आत्याला कळत होतं. तरी ते टोचलं. पहाटे उठून, दोन गाड्या बदलून ती आली होती, आणि वाटेत मनाशी एक चांगलं दहा मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. तिने ते गिळलं. शेंडीने आता काय करावं हे शेंडीलाच ठरवू दे, असं तिने स्वतःला बजावलं. आत्ता मदतीला धावून जाणं म्हणजे त्या मुलीला लहान करणं.

शेंडीने तिसरा कप पुन्हा उचलला. वास घेतला. एक घोट घेतला, आणि या वेळी थुंकला नाही.

"चांगली आहे," ती म्हणाली. "दादा, ही खरंच चांगली आहे. दोन वर्षं त्यांचा माणूस बाटली ठेवून जातोय आणि मी नाव बघूनच नाक मुरडलं. उघडूनसुद्धा पाहिली नाही. इथे माझं चुकलं."

दादाला हे अपेक्षित नव्हतं. त्याने भांडणाची तयारी करून ठेवली होती, माफीची नव्हती.

"पण ही चांगली निघाली म्हणून बाकीच्या वाईट झाल्या का?" शेंडीचा आवाज आता पुन्हा स्थिर झाला होता. "हिला मी शेल्फवर पुढच्या ओळीत ठेवीन, आजच. पाहुण्यांना स्वतः सांगीन, घेऊन बघा म्हणून. पण हिच्यासाठी बाकीच्यांना घराबाहेर काढायचं हे मला जमणार नाही. तुम्ही सही करा, बहुमत आहे तुमचं. मी रागावून जाणार नाही. एका बाटलीच्या बारमध्ये मला करायला काही उरत नाही, म्हणून जाईन."

अण्णांनी घसा खाकरला. जाण्याबद्दल त्यांना माहीत नव्हतं. "कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

आत्याची नजर मात्र दादावर होती. तो शेंडीकडे बघत नव्हता, करारातल्या बाटलीकडेही नाही. त्याच्यासमोर सहा कप होते. पाच जवळजवळ भरलेले. चौथा कोरडा.

"दादा," ती म्हणाली, "सगळे बोलले, तू राहिलास."

"मी सुरुवातीलाच बोललो. सगळ्या सारख्या."

"ते चाखायच्या आधी बोललास. आता सांग. तुला काय आवडलं?"

दादाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत्याला त्याचं नवल वाटलं नाही. या माणसाला रोज शंभर लोक काही ना काही विचारत होते: गरम पाणी का नाही, बिलात हे कसलं, टॅक्सी कधी येणार. त्याला काय आवडतं हा प्रश्न त्या काउंटरवर गेल्या तीस वर्षांत कोणी विचारला असेल असं तिला वाटेना. हा प्रश्न न विचारला जाणं म्हणजे काय, ते तिला चांगलंच माहीत होतं.

"चार नंबर तू संपवलास," ती हळूच म्हणाली.

"तहान लागली होती."

वहिनी फिसकन हसली. डॉक्टरही. दादा लाल झाला, पण मग त्याने तो कोरडा कप उचलला आणि पुन्हा एकदा नाकाशी नेला.

"जुनी बॉयलरची खोली," तो म्हणाला. "कोळशाचा बॉयलर होता ना आपल्याकडे, अण्णा? थंडीत मी तिथे पुस्तकं घेऊन बसायचो. भिंत गरम असायची. वर पाहुण्यांची ये-जा, आणि खाली मी एकटाच. तुम्ही शोधत यायचात. दार उघडलं की असाच वास यायचा." तो थांबला. "मला वाटलं, दारूला दारूचा वास असतो. हे असं असतं हे मला काय माहीत? कोणती आहे ही?"

आत्याने चौथ्या कपासमोरची बाटली त्याच्याकडे फिरवली. चिठ्ठीवर शेंडीच्या अक्षरात लिहिलं होतं: आयला बेट, धुरकट.

"ही?" दादा ओरडला. "ही तर जळक्या वायरीची!"

त्यावर जो हशा झाला तो रिसेप्शनपर्यंत गेला असणार. बाटली आली त्या दिवसापासून दादा तिला याच नावाने हिणवत होता. तिचं बूच उघडलं की इलेक्ट्रिशियनला बोलवायची धमकी द्यायचा. शेंडी हसता हसता डोळे पुसत होती, आणि त्यातलं किती हसण्याचं हे आत्याने बघितलं नाही.

"वास लांबून घेतला होता," दादा बचाव करत म्हणाला. "आणि कधी प्यायलो नव्हतो."

"अहो," वहिनी म्हणाली. हसू ओसरलं होतं आणि तिचा आवाज निराळा होता. "मला मत नाही, पण एक विचारते. करार झाला की ही बाटली जाणार. मग तुम्ही बॉयलरच्या खोलीत कुठे बसणार? आणि दुसरं. कंपनीच्या नकाशात बार वाढवून माझ्या नाश्त्याच्या खोलीत आणलाय. सकाळचं ऊन येणारी या इमारतीतली ती एकच खोली. मी महिनाभर गप्प बसले, म्हटलं तुमच्या लक्षात येईल."

"मला सांगायचंस ना!"

"विचारायचंत ना."

आत्याच्या आता ध्यानात आलं, फोनवर खोलीच्या निमित्ताने काय सांगायचं राहून गेलं होतं ते.

दादा उठला. बराच वेळ शेल्फसमोर पाठमोरा उभा राहिला. एकेक चिठ्ठी वाचत होता, जणू त्या इतकी वर्षं त्याच्या हॉटेलात नव्हत्याच. डॉक्टरने स्टूल पुन्हा मधोमध आणलं. अण्णा थोरल्याच्या पाठीकडे बघत होते, आणि त्या पाठीने काहीही ठरवलं तरी नोकरांसमोर तिचा मान राखायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

दादाने खिशातून फोन काढला.

"नमस्कार. हो, मीच. झाली बैठक. नाही, जमणार नाही... नाही साहेब, रक्कम वाढवून उपयोग नाही. तुमच्याकडे धुराची आहे का एखादी? बेटावरची?... नाही ना? मग कसं जमेल?" तो ऐकत राहिला. त्याचे खांदे ताठ होते, काउंटरवरचं अर्धं हसू कुठेच नव्हतं. "ऐका ना. तुमची ब्लेंड उत्तम आहे. आमच्याकडच्या तज्ज्ञांना सगळ्यात आवडली. हो, खरंच. ती आम्ही घेऊ, शेल्फवर ठेवू, पुढच्या ओळीत. बाकीच्यांसोबत. ... ठीक आहे. विचार करून सांगा."

त्याने फोन ठेवला आणि शेंडीकडे वळला. "नूतनीकरण तर होणारच नाही आता. गळकी खिडकी तशीच राहणार. चालेल?"

"मी बादली ठेवीन," शेंडी म्हणाली.

"आणि एक. महिन्यातून एकदा हे असं मांडायचं. पाहुण्यांसाठी. सहा कप, नावं झाकून. बर्फाची बादली मध्ये. लोक येतील. मी आलो असतो." मग ओशाळून म्हणाला, "म्हणजे मी येईनच."

"आणि तो भुरका?" डॉक्टरने विचारलं. "भुरका कोण मारणार?"

"तुम्हाला दोन्ही बाजूंनी मारायला जमेल," वहिनी म्हणाली, आणि डॉक्टर घड्याळ बघत पेशंटकडे पळाला.

दादाने पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली म्हणून काउंटर गाठला. शेंडी आणि वहिनी खिडकीपाशी उभ्या राहून उरलेले कप एकमेकींना हुंगायला देऊ लागल्या. मिठाची कोणती आणि मनुकांची कोणती यावर त्यांची जुंपली होती. टेबलाशी दोघंच उरली, अण्णा आणि आत्या.

आत्याने चमचा पुसून पिशवीत ठेवला. तिच्या मताशिवायच सगळं उरकलं होतं, आणि उत्तम उरकलं होतं. भाषण तसंच राहिलं. तिला थोडं हसू आलं.

"तू कुणाच्या बाजूने देणार होतीस?" अण्णांनी विचारलं.

"आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नाही. विचारतोय."

आत्याने भावाकडे पाहिलं. त्याने सहाही कप संपवले होते आणि डोळे जरा ओलसर होते, पण नजर सरळ होती. तो खरंच विचारत होता.

"हॉटेलबद्दल माझं मत विचारतोयस?"

"हो."

"नक्की?"

"अगं, बोल ना."

"तुझ्या हॉटेलातला चहा अत्यंत वाईट आहे," आत्या म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

खिडकीपाशी दोघींनी वळून पाहिलं. अण्णांचा जबडा खाली आला. "इतकी वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, निर्धास्त राहा, मी बघतो. मला वाटलं, कधीतरी बघशील."

अण्णा टेबलाला धरून उठले, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि ते उघडं धरून उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "सांग काय काय बदलायचं."

आत्या आत गेली. पुढच्याच मिनिटाला आतून तिचा आवाज आला, "हे पातेलं कोणी आणलं?" आणि वहिनीने हातातला कप शेंडीच्या हातात कोंबून घाईघाईने पदर सावरला.